त्यांनी

‘त्यांनी मला कोयत्याचा धाक दाखवून माझ्याकडील बॅग हिसकावून घेतली.’

या एका वाक्यापाशी मी चार रात्री अडले होते.

माझा धंदा भाषांतराचा. नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळ, कोर्टाच्या समोरच्या एका जुन्या इमारतीत माझं टेबल आहे. खरेदीखतं, मृत्युपत्रं, सातबारे, बँकेला लागणारे दस्त मराठीतून इंग्रजीत करून देते. अठरा वर्षं झाली. फौजदारी कागद माझ्याकडे क्वचितच येतात. हे आले ते माझ्या सख्ख्या मावशीच्या पिशवीतून.

२०१९ चा द्राक्षहंगाम. मार्च महिना, रात्री साडेनऊची वेळ. म्हसरूळच्या पुढे दिंडोरी रस्त्यावर एका द्राक्षव्यापाऱ्याच्या मुनिमाची गाडी मोटारसायकलवरच्या दोघांनी अडवली. मुनिमाच्या बॅगेत १ लाख ८५ हजार रुपये होते. मागे बसलेल्याकडे कोयता होता. मोटारसायकल चालवणारा माझा मावसभाऊ. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

तो तिथे होता की नव्हता, हा वाद आमच्या घरात कधीच झाला नाही. अटकेनंतरच्या दुसऱ्याच मुलाखतीत त्याने आईला सांगून टाकलं. घटनेच्या दुसऱ्या दिवशी पेपरात ‘दरोडा’ असा मथळा आला होता. दरोड्याला कायद्याने पाच किंवा जास्त माणसं लागतात. दोघांनी केली ती जबरी चोरी. पण हा फरक मला तेव्हा कुठे माहीत होता? आणि माहीत असून तरी काय केलं असतं? लग्नाकार्यात कोणी विचारलं की ‘पुण्याला कंपनीत आहे’ असं आम्ही सांगायचो. मीसुद्धा सांगितलंय. दोनदा.

जामीन झाला नाही. मधली दोन वर्षं कोरोनात गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये सत्र न्यायालयाने निकाल दिला. भारतीय दंड संहितेचं कलम ३९२ आणि ३९७, सोबत कलम ३४. दोघांनाही सात-सात वर्षं सक्तमजुरी.

मावशी माझ्या टेबलापाशी आली तेव्हा निकालाला त्रेचाळीस दिवस झाले होते. दिंडोरीहून एसटीने आली होती. पिशवीतून रेशनकार्ड काढलं, आधारकार्ड काढलं, औषधाची चिठ्ठी काढली आणि सगळ्यात खालून निकालाची प्रत काढली. मधोमध घडी घातलेली, इंग्रजीतली.

‘यात काय लिहिलंय तेवढं सांग,’ ती म्हणाली. ‘वकील म्हणतात, अपिलाला खर्च फार. बघू म्हणतात.’

त्रेचाळीस दिवस त्या ‘बघू’मध्ये गेले होते. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायला मुदतीच्या कायद्याने साठ दिवस मिळतात. मुदत उलटली म्हणजे दार कायमचं बंद होतं असं नाही, विलंब माफीचा अर्ज करता येतो. पण मग आधी त्या दिवसांचा हिशेब द्यायचा आणि नंतर मूळ गोष्टीवर बोलायचं. आमच्या हातात सतरा दिवस उरले होते.

मावशीला वकिलाच्या खर्चाचा घोर होता. त्यासाठी फक्त रस्ता ओलांडायचा होता. कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्याचं उत्पन्न किती हे विचारलं जात नाही. आणि हेही सोडा, वकील नसला तरी कैदी तुरुंगातूनच अधीक्षकांमार्फत अपील पाठवू शकतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८३ मध्ये तशी सोय होती आणि आताच्या नव्या संहितेतही ती आहे. निकालाची प्रत आरोपीला फुकट द्यायची, ती वेळेत द्यायची आणि अपिलासाठी वकील द्यायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच सांगून ठेवलंय. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी लिहिलेला तो निकाल महाराष्ट्रातल्याच एका कैद्याच्या प्रकरणातला. त्या माणसाचं अपील चार वर्षांहून जास्त उशिरा पोचलं होतं, कारण निकालाची प्रत त्याच्या हातात पडलीच नाही असं त्याचं म्हणणं होतं. आमच्या मावशीकडे प्रत होती. ती काय म्हणते हे तिला वाचून दाखवणारं कोणी नव्हतं. मी होते, पण मी पुण्याच्या कंपनीची गोष्ट सांगण्यात गुंतले होते. हे मला अजून टोचतं.

प्राधिकरणाच्या कार्यालयातल्या बाईंनी अर्ज लिहून घेतला. मावशीने एकच प्रश्न विचारला.

‘अपील केलं तर शिक्षा वाढायची तर नाही ना?’

हा प्रश्न मी नंतर तुरुंगाच्या फाटकाबाहेर कितीतरी जणांच्या तोंडून ऐकला. आई-बाप, बायका, भाऊ. या एका भीतीपोटी अपील न केलेली माणसं असतील असं मला वाटतं. बाईंनी नीट समजावलं. आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात कोर्ट शिक्षा वाढवत नाही. सरकारने वेगळं अपील केलं, किंवा कोर्टाने स्वतःहून तशी नोटीस काढून आरोपीचं म्हणणं ऐकून घेतलं, तरच ती वाढू शकते. मावशीने मान डोलावली आणि अंगठा न देता सही केली. सही करायला ती साक्षरतेच्या वर्गात शिकलेली आहे आणि जिथे संधी मिळेल तिथे सहीच करते.

वकीलपत्रावर सही घ्यायला नाशिकरोडच्या कारागृहात जावं लागलं. मी पंचवीस वर्षं नाशिकमध्ये राहते, जेलरोडवरून शेकडो वेळा गेलेय. गणपतीच्या आधी त्या भिंतीबाहेरच्या विक्री केंद्रातून कैद्यांनी केलेली शाडूची मूर्तीही एकदा आणलीय. पण आत जायची वेळ पहिल्यांदाच आली. काचेपलीकडे तो आला. फोन कानाला लावला. त्याच्या नखांच्या कडांना केशरी रंग होता. मूर्तिकामात होता म्हणे. उरलेल्या मूर्तींचं रंगकाम चाललं होतं.

मी त्याला विचारलं, ‘कोयता तुझ्या हातात एकदा तरी आला होता का?’

‘नाही ताई. पण गाडी मीच चालवत होतो.’

‘ते माहितेय. मी कोयत्याचं विचारतेय.’

‘कोयता माझ्या हातात असता काय, त्याच्या हातात असता काय, त्या माणसाला काय फरक पडला असता?’

मला उत्तर सुचलं नाही. आजही त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. त्या रात्री रस्त्यावर उभ्या असलेल्या मुनिमाच्या दृष्टीने खरंच काही फरक नव्हता. पण कायदा फरक करतो, आणि कायदा तो का करतो हे मला त्या कागदांमधून हळूहळू कळत गेलं.

कलम ३९२ जबरी चोरीचं. शिक्षा दहा वर्षांपर्यंत, आणि सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान हमरस्त्यावर केली तर चौदा वर्षांपर्यंत. ‘पर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा. न्यायाधीश माणूस बघतात, त्याचं वय बघतात, आधीचे गुन्हे बघतात आणि आकडा ठरवतात. कलम ३९७ वेगळं आहे. जबरी चोरी करताना अपराध्याने प्राणघातक हत्यार वापरलं, तर सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा देताच येत नाही. तिथे न्यायाधीशांचे हात बांधलेले. आणि ‘वापरलं’ म्हणजे वार केलाच पाहिजे असंही नाही. समोरच्याला दिसेल असं हातात धरलं, त्याच्या मनात धडकी भरवली, तेवढं पुरतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली दिल्लीच्या एका अपिलात हे सांगितलं. त्याच निकालात दुसरी गोष्टही सांगितली. कलम ३९७ मधला ‘अपराधी’ म्हणजे ज्याने स्वतः हत्यार वापरलं तोच. बरोबरच्याला ते लागत नाही. कलम ३४, म्हणजे समान उद्देश, चोरीच्या गुन्ह्यात दोघांना एकत्र बांधेल. पण ही किमान सात वर्षं ज्याची त्याची.

म्हणजे आमच्या सगळ्या अपिलाचा प्रश्न एवढाच होता: कोयता कुणाच्या हातात होता?

आणि साक्षीत लिहिलं होतं, ‘त्यांनी’.

मराठी माणसाला या शब्दाचं काही वाटत नाही. एकाला मान द्यायचा तरी ‘त्यांनी’, आणि दोघे-चौघे असले तरी ‘त्यांनी’. कोयता घेऊन आलेल्याला कोणी मान देत नाही, तेव्हा इथे अर्थ दोघांनी असाच घ्यायचा. पण दोघांनी मिळून एक कोयता दाखवला, म्हणजे काय केलं? बागेत व्यापाऱ्यांनी माल उचलला असं आपण म्हणतो, तेव्हा पेटी कुणाच्या खांद्यावर होती हे कोण विचारतं? बोलण्याची रीतच तशी आहे. मुनीम खोटं बोलत नव्हता. दोघे आले, त्याला धाक बसला, बॅग गेली. ‘त्यांनी’ म्हणाला.

त्यात पोलिसी मराठीची भर. ‘सदर इसमांनी’, ‘धाक दाखवून’, ‘हिसकावून’, ‘पळ काढला’. फिर्याद कुठल्याही ठाण्यातली घ्या, हे शब्द तेच आणि याच क्रमाने असतात. ‘कोयत्याचा धाक दाखवून’ या शब्दांत कोयता आहे, धाक आहे, हात मात्र कुणाचाच नाही. फिर्यादीतले शब्द जबाबात येतात, जबाबातले सरतपासात, म्हणजे साक्षीदाराच्या कोर्टातल्या पहिल्या साक्षीत, आणि सरतपासातले निकालात. आमच्या निकालाच्या एकविसाव्या परिच्छेदात ते इंग्रजीत ‘दे’ (they) होऊन बसले होते. दोघांनी कोयता दाखवला, सबब दोघांना कलम ३९७.

कोर्टासाठीचं भाषांतर कोर्टाच्या व्यवस्थेतून होतं. माझं काम फक्त नव्या वकिलांना अपील लिहिण्यापुरतं समजावं एवढंच होतं. तरीही त्या वाक्यापाशी माझा हात थांबला. ‘त्यांच्यापैकी एकाने’ असं लिहायचा मोह झाला. खरं तेच होतं, मला ते माहीत होतं, आणि भाऊ माझा होता. पण कागदावर ते नव्हतं. खरेदीखतात चतुःसीमा चुकीची असली तरी मी ती चुकीचीच उतरवते आणि खाली टीप देते. इथे टीप द्यायचाही मला अधिकार नव्हता. मी ‘दे’ लिहिलं. खोडलं. पुन्हा ‘दे’ लिहिलं.

चौथ्या रात्री मी उलटतपासाच्या पानांवर आले.

खालच्या कोर्टातला उलटतपास वाचायची एक सवय लागते. वकिलांनी विचारलेला प्रश्न कागदावर सहसा येत नाही. प्रश्न आणि उत्तर एकत्र करून एकच वाक्य टाइप होतं. ‘हे म्हणणे खरे आहे की,’ किंवा ‘हे म्हणणे खोटे आहे की’. पानंच्या पानं अशी. दमलेला वाचक पहिल्या चार शब्दांनंतर पुढे सरकतो. मीही सरकत होते. मग हे आलं:

‘हे म्हणणे खरे आहे की, कोयता हा मागे बसलेल्या इसमाच्या हातात होता. हे म्हणणे खरे आहे की, मोटारसायकल चालविणारा इसम गाडीवरून खाली उतरला नाही. साक्षीदार स्वतःहून सांगतो की, तो गाडी चालू ठेवून “लवकर कर” असे म्हणत होता.’

मी उठले, पाणी प्यायले आणि परत येऊन तेच वाचलं. कोयत्याचा हात सापडला होता. इतके दिवस तो त्या पानावरच होता आणि खाली साक्षीदाराची सही होती. आणि त्याला चिकटूनच ‘लवकर कर’ होतं. माझ्या भावाचा आवाज मला त्यात ऐकू आला. लहानपणी बागेत पाणी धरायला गेलो की तो असाच म्हणायचा, ‘लवकर कर, वीज जाईल.’

दोन्ही वाक्यं मी उतरवली.

वकील तरुण होते. त्यांनी अपिलात चौदा मुद्दे घेतले. ओळख परेड उशिरा झाली, एक पंच फितूर झाला, जप्तीच्या वेळी सील नीट नव्हतं, असं बरंच. पहिलाच मुद्दा ‘अपीलकर्ता निर्दोष आहे’. मला ते वाचवेना. मी तसं बोलले. ते शांतपणे म्हणाले, ‘मुद्दे सगळे घ्यावे लागतात. न घेतलेला मुद्दा नंतर आठवून उपयोग नसतो. उभं राहून कशावर बोलायचं ते मी ठरवेन.’ आणि ‘लवकर कर’वर बोट ठेवून म्हणाले, ‘यामुळे ३९२ सुटणार नाही. ३९७ सुटेल. आकडा कोर्टाच्या मनावर.’ इतकं सरळ मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. अठ्ठावन्नाव्या दिवशी अपील दाखल झालं.

अपील चालेपर्यंत शिक्षा स्थगित करून जामीन मिळावा म्हणून अर्ज केला होता. तो नामंजूर झाला, पण अपील लवकर सुनावणीला घ्यावं असं कोर्टाने लिहिलं. मुदतीची शिक्षा असेल तर एक तर स्थगिती द्या नाहीतर अपील लवकर ऐका, नाहीतर त्या अपिलाला अर्थच उरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली म्हटलेलं आहे. यातली कळकळ आकड्यांवरून समजते. सात वर्षांतली साडेतीन कच्च्या कैदेतच गेली होती. ती वजा होतात हे खरं, पण वजा व्हायला पुढे वर्षं तरी उरायला हवीत. शिक्षा भोगून माणूस घरी आला आणि मग अपील मंजूर झालं, तर त्या कागदाचं काय करायचं?

लवकर म्हणजे तरी सव्वा वर्ष. या काळात मी आणि मावशीने पंचवटी एक्स्प्रेसने सहा फेऱ्या केल्या. सकाळी सातला नाशिकरोड, इगतपुरीला थंडी, कसाऱ्याचा घाट, पावणेअकराच्या सुमारास सीएसटी, तिथून चालत हायकोर्ट. पाच वेळा मॅटर निघालंच नाही. मावशी डबा न्यायची आणि तो संध्याकाळच्या गाडीत आम्ही खायचो.

सहावी फेरी जानेवारी २०२४ ची. सगळं मिळून पंधरा मिनिटं. आमचे वकील इंग्रजीत बोलत होते आणि न्यायमूर्ती पुढचे कागद चाळत होते. मग थांबून त्यांनी सरकारी वकिलांना विचारलं, ‘कोयता कुणाच्या हातात होता?’ सरकारी वकील बाईंनी पान काढलं, वाचलं आणि म्हणाल्या, ‘मागे बसलेल्याच्या.’ फाटे फोडले नाहीत. त्यांचं नाव मला माहीत नाही, पण त्या क्षणी त्यांनी जे आहे ते सांगितलं, आणि मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

अपील अंशतः मंजूर झालं. माझ्या भावावरचं कलम ३९७ काढलं, कलम ३९२ सह ३४ कायम राहिलं. सात वर्षांची पाच झाली, दंड तसाच. चार वर्षं दहा महिने तो आतच होता. उरलेल्या दोन महिन्यांतले माफीचे दिवस गेले, बाकीचे त्याने काढले.

मागे बसलेल्या मुलाच्या घरून कोणीच कधी आलं नाही. त्याचं अपील तुरुंगातून गेलं. माझ्या भावानेच त्याला अर्जाचं सांगितलं. कोयता त्याच्याच हातात होता, त्यामुळे त्याची सात वर्षं सातच राहिली. त्याच्याविषयी आणखी काही लिहायचा मला हक्क आहे असं वाटत नाही, पण त्याला वगळून हे लिहिणंही बरोबर नाही.

१ जुलै २०२४ पासून कलमांचे आकडे बदलले. ३९२ चं ३०९ झालं, ३९७ चं ३११. मजकूर जवळजवळ तोच. साक्षीतले ‘त्यांनी’ही तसेच असणार.

निकालाची प्रत आली त्या रविवारी मी दिंडोरीला गेले. मावशी ओट्यावर बसली होती, समोर बागेत द्राक्षाच्या मण्यांत पाणी भरत होतं. मी एकेक परिच्छेद वाचत, मराठीत सांगत गेले. कोयत्याचा परिच्छेद तिने शांतपणे ऐकला. ‘लवकर कर’ आलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. मी थांबले. ‘वाच,’ ती म्हणाली. पुढे मुनिमाची साक्ष होती: ‘ही रक्कम शेतकऱ्यांना द्यायची होती. मी त्यांना हात जोडले.’

मावशी बराच वेळ बागेकडे बघत राहिली.

‘त्याचे पैसे मिळाले का गं सगळे?’

मी मागची पानं उलटली. मुद्देमालाच्या परिच्छेदात होतं. दोघांकडून मिळून बेचाळीस हजार हस्तगत झाले, ते सुपूर्तनाम्यावर मुनिमाला परत दिले.

‘बेचाळीस हजार मिळाले,’ मी म्हटलं.

ती बोटांवर हिशेब करू लागली. दीड एकरवाल्या बाईला असा हिशेब करायला वेळ लागत नाही.

‘म्हणजे एक लाख त्रेचाळीस राहिले,’ ती म्हणाली. ‘आकडा लिहून दे मला.’

मी निकालाच्या पाठीमागे तो लिहिला. तिने घडी घातली आणि कागद रेशनकार्डाखाली ठेवून दिला.